कोणती बॅटरी गेली, हे आधी विचारा

आमचा भाचा कल्याणला प्रवासी गाडी चालवितो. कर्ज काढून त्याने एक जुनी हायब्रीड गाडी घेतली. गेल्या पावसाळ्यात वडिलांच्या आजारपणामुळे ती वीस-बावीस दिवस दारात उभी राहिली. मग एके सकाळी त्याचा फोन आला, "मामा, गाडीची बॅटरी गेली. गॅरेजवाला लाखाच्या वर खर्च सांगतोय. आई पाटल्या गहाण ठेवायला निघालीय."

आम्ही पडलो कारकून. गाडीतले आम्हाला काय कळणार? पण वीस वर्षे बिले तपासून एक सवय लागली आहे. रक्कम मोठी दिसली की ती कशाबद्दल, हे विचारायचे. आम्ही विचारले, "कोणती बॅटरी?" भाच्याला सांगता येईना. गॅरेजवाल्याने मीटर न लावताच आकडा सांगितला होता.

वाचकहो, सारा घोटाळा या एका प्रश्नात आहे. हायब्रीड गाडीत बॅटऱ्या दोन असतात. पेट्रोल इंजिनाच्या जोडीला विद्युत मोटर असते, तिला चालविणारी ती मोठी बॅटरी. जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आलेल्या 'प्रियस'च्या दुसऱ्या पिढीत ही बॅटरी २०१.६ व्होल्टची होती. दुसरी साधी, १२ व्होल्टची. दिवे, दरवाज्यांची कुलपे आणि गाडीतले संगणक तिच्यावर चालतात.

अनेक हायब्रीड गाड्यांत ही छोटी बॅटरी इंजिन फिरवीत नाही. ते काम मोठीचे. पण मोठीला गाडीशी जोडणारा स्विच बंद होतो तो छोटीच्या विजेवर. तिजोरी भरलेली आहे, पण किल्ली ज्याच्याकडे तो रोखपाल आलेला नाही, असा हा प्रकार. उभ्या गाडीतही कुलपांची यंत्रणा आणि घड्याळ थोडीथोडी वीज ओढतात. आठवडे गेले की छोटी बॅटरी बसते. डिकीचा दिवा चालू राहिला तर एका रात्रीतही बसते.

रिमोटने दार उघडत नाही, दिवे मंद किंवा बंद, 'रेडी' हा शब्द उमटत नाही, अशी लक्षणे दिसली की पहिला संशय छोटीवर घ्यावा. रिमोटच्या आत बहुधा लोखंडी चावी असते, तिने दार उघडावे. प्रियससारख्या गाडीत ही बॅटरी डिकीत असते आणि डिकी विजेवर उघडते. म्हणून बोनेटखाली फ्यूजच्या डब्यात लाल झाकणाचे एक टोक दिलेले असते. आपल्या गाडीत ते कोठे आहे, हे गाडीच्या पुस्तकात पाहावे.

भाच्याने तेथे मीटर लावला. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. येथे ९ सुद्धा दिसेनात. शेजाऱ्यांची पेट्रोल गाडी आणली. लाल केबल आधी आपल्या अधिक टोकाला, मग त्यांच्या अधिक टोकाला. काळी त्यांच्या उणे टोकाला आणि शेवटी आपल्या इंजिनाजवळच्या रंग नसलेल्या धातूला. त्यांची गाडी पाच मिनिटे चालू ठेवली. मग ब्रेक दाबून बटण दाबले आणि 'रेडी' उमटले! केबल उलट्या क्रमाने काढल्या.

येथे काही गोष्टी जिवाच्या आहेत. नारिंगी रंगाच्या जाड वायरी मोठ्या बॅटरीच्या, त्यांना हात लावू नये. अधिक-उणेची अदलाबदल झाली तर फ्यूज आणि महागडे भाग जळतात. ट्रकची २४ व्होल्टची बॅटरी जोडू नये. धक्का मारूनही ही गाडी चालू होत नाही. गाडी 'रेडी'त ठेवली की मोठी बॅटरी छोटीला भरते, पण हे बंद जागेत करू नये. इंजिन आपोआप सुरू होते आणि त्याचा धूर विषारी असतो.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा बसली. म्हणजे छोटी बॅटरी जुनी होऊन गेली होती. भाच्याने पुस्तकात सांगितलेल्या जातीचीच नवी बसविली. डिकीतल्या बॅटरीचा वायू बाहेर नेणारी नळीही जोडून घेतली. काम काही हजारांत झाले. आमच्या बहिणीच्या पाटल्या हातातच राहिल्या.

मोठी बॅटरी कधीच जात नाही असे नव्हे. पण छोटी चांगली असूनही इशाऱ्याचा दिवा पेटत असेल, तर यंत्रावर तपासणी करून दोषाचा क्रमांक लेखी मागावा आणि दुसरीकडेही दाखवावे. आपले कितीतरी तरुण आज कर्जाच्या गाड्यांवर संसार चालवितात. लाखाचा आकडा ऐकून घाबरू नका. "मीटर लावून दाखवा, कोणती बॅटरी गेली?" एवढे विचारा आणि मगच पैशाला हात घाला.