कबुलीजबाब आणि करमणूक

गुन्हेगाराची हकिकत त्याच्याच मुखातून ऐकण्याचा मोह मनुष्यस्वभावात फार जुना असला, तरी त्या हकिकतीला विनोदाचे अंग देऊन ती घरबसल्या भागाभागांनी दाखविण्याची प्रथा अगदी अलीकडची आहे. बेंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा भागात संगणक-कंपन्यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने बिऱ्हाड करून राहिलेल्या मराठी कुटुंबांतूनही रात्रीच्या जेवणानंतर अशा मालिका आवडीने पाहिल्या जातात, आणि ‘यातले खरे किती?’ हा प्रश्न घरातले कोणी ना कोणी विचारल्यावाचून राहत नाही. या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रकाराचा नमुना म्हणून अमेरिकेतील ‘पॉल टी. गोल्डमन’ या २०२३ सालच्या मालिकेकडे बोट दाखविता येईल. आपण एका मोठ्या कारस्थानाचे बळी आहोत असा दावा करणाऱ्या एका गृहस्थालाच दिग्दर्शक जेसन वोलिनर यांनी त्याची स्वतःची भूमिका करावयास लावले, आणि त्याच्या कथनातील सांधे कोठे निखळतात हे प्रेक्षकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, अशी योजना केली. कथानायकावर विश्वास ठेवावा की नाही, हीच त्या मालिकेतील खरी उत्कंठा आहे.

आपल्याकडे असाच पेच पुरेपूर पाडणारा इसम म्हणजे चार्ल्स शोभराज होय. १९४४ साली सायगाव येथे जन्मलेल्या या माणसाने आशियातून भटकणाऱ्या पाश्चात्त्य प्रवाशांना गुंगीची औषधे देऊन लुबाडले, त्यांच्या हत्यांचे आरोप अनेक देशांत ओढवून घेतले आणि १९७६ साली दिल्लीत फ्रेंच पर्यटकांच्या एका जथ्यावर तोच प्रयोग करताना तो पकडला गेला. तिहारच्या कैदेत असताना रिचर्ड नेव्हिल आणि ज्युली क्लार्क या दोघांना त्याने आपल्या कृत्यांची तपशीलवार जबानी दिली. १९७९ साली त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याने हत्यांच्या कबुलीचा साफ इन्कार केला. तिहारचे अधिकारी सुनील गुप्ता यांच्या आठवणींवर आधारलेल्या ‘ब्लॅक वॉरंट’ या २०२५ सालच्या मालिकेत हा कैदी तुरुंगातील एखाद्या मानकऱ्याच्या थाटात वावरतो. १९८१ साली नोकरीवर रुजू होण्यास आलेल्या गुप्तांची अडचण प्रथम दूर केली ती याच सुटाबुटातल्या कैद्याने, असे खुद्द गुप्तांनीच सांगितले आहे. तेव्हा मालिकेतील हा विनोद कल्पनेतून आलेला नसून प्रत्यक्ष आठवणींतूनच आलेला आहे.

१६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाच्या निमित्ताने पहारेकऱ्यांना गुंगीचे औषध मिसळलेली मिठाई चारून शोभराज तिहारमधून निसटला. त्याचा माग काढीत मुंबई पोलिसांचे इन्स्पेक्टर मधुकर झेंडे गोव्यात पोहोचले. १९७१ साली मुंबईत त्यांनीच त्याला एकदा अटक केली होती, त्यामुळे ती चेहरेपट्टी त्यांच्या परिचयाची होती. ६ एप्रिल रोजी, म्हणजे शोभराजच्या खऱ्या वाढदिवशी, पर्वरी येथील ‘ओ कोकेरो’ या उपाहारगृहात त्यांनी त्याच्यावर झडप घातली. बेड्या जवळ नसल्यामुळे उपाहारगृहातून दोर मागून घेऊन त्याला बांधले आणि मुंबईच्या वाटेवर तो पळू नये म्हणून दोन शिपायांना त्याच्या अंगावरच बसविले, असे झेंडे यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले.

या घटनेवर चिन्मय मांडलेकर यांनी रचलेला ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपट सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ती मालिका नव्हे. परंतु प्रस्तुत विषयाला तिच्याइतकेच साहाय्य करणारी ती कृती आहे. मनोज बाजपेयी यांच्या संसारी, साध्या इन्स्पेक्टरासमोर जिम सरभ यांचा डौलदार गुन्हेगार उभा आहे, आणि त्याचे नाव बदलून ‘कार्ल भोजराज’ असे ठेवले आहे. हे नामांतर कल्पिताची आगाऊ कबुलीच देते, आणि सत्यकथेचा आव आणणाऱ्या अनेक गंभीर कृतींपेक्षा मला ते अधिक प्रामाणिक वाटते.

शोभराजची स्वतःची हकिकत मात्र वेगळी आहे. थायलंडमध्ये खुनाच्या आरोपावरून देहदंड संभवत होता; तेथील आरोपांची वीस वर्षांची मुदत टळावी म्हणून आपण बुद्ध्याच पळालो, बुद्ध्याच सापडलो आणि हिंदुस्थानातील शिक्षा वाढवून घेतली, असे तो म्हणत आला. १९९७ साली तो सुटला तेव्हा ती मुदत संपली होती, त्यामुळे हे कथन बेमालूम जुळते. परंतु घडून गेलेल्या गोष्टींना मागाहून हेतू चिकटविणे हाच तर अशा कथनकाराचा मुख्य व्यवसाय असतो. त्याचे म्हणणे मान्य केले की पर्वरीची मसलत झेंड्यांची न राहता त्याची होते. या गर्वाला युक्तिवादापेक्षा दोराने बांधलेल्या आणि शिपायांखाली दबलेल्या त्या इसमाचे दृश्यच अधिक समर्पक उत्तर देते, आणि विनोदाचे खरे प्रयोजन तेथे सिद्ध होते.

अशा कथनावर सहज विश्वास न ठेवण्याची सावधगिरी कायद्याने फार पूर्वीच अंगीकारली आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा १८७२ च्या पुरावा कायद्यातील दंडक २०२४ मध्ये अमलात आलेल्या नव्या कायद्यातही कायम आहे. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा, बनावट मुद्रांकांच्या प्रकरणातील अब्दुल करीम तेलगी याची याच बेंगळुरूत औषध देऊन सत्य वदविण्याची चाचणी घेण्यात आली, तेव्हा त्याच्या तोंडून निघालेल्या नावांनी देशभर गदारोळ उडाला. परंतु कर्नाटकातूनच गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली निर्णय दिला, की अशी चाचणी संमतीवाचून करता येणार नाही.

म्हणून अशा मालिका पाहाव्यात, पोटभर हसावे. मात्र गुन्हेगाराच्या फजितीला हसावे, मृतांच्या दुर्दैवाला नव्हे, आणि कथनकाराचे वक्तृत्व ऐकताना तारखा व कागद काय सांगतात हेही ताडून पाहावे. डच वकिलातीतील हर्मन क्निपेनबर्ग यांनी बँकॉकमध्ये शोभराजविरुद्ध चिकाटीने जमविलेली कागदपत्रे कित्येक वर्षे जपून ठेवली होती. शोभराज २००३ साली काठमांडूत पकडला गेला आणि १९७५ सालच्या एका हत्येबद्दल पुढील वर्षी नेपाळच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली, तेव्हा त्या कागदांपुढे त्याच्या वक्तृत्वाचा काहीही उपयोग झाला नाही.