टॉर्शन बारचा बदलता पीळ

१९५७च्या मॉडेलांत क्रायस्लरने पुढच्या चाकांवरच्या कॉइल स्प्रिंगा काढल्या आणि गाडीच्या लांबीला समांतर दोन पोलादी टॉर्शन बार बसवले. बारचं मागचं टोक क्रॉसमेंबरमध्ये पक्कं, पुढचं खालच्या कंट्रोल आर्ममध्ये. चाक वर उचललं की बारला पीळ बसतो. नाव दिलं ‘टॉर्शन-एअर’, हवेचा मात्र पत्ता नाही. त्याच सुमाराला जनरल मोटर्स खऱ्याखुऱ्या एअर सस्पेन्शनच्या नादी लागली होती. तो नाद लवकरच सुटला. क्रायस्लरने आपला पीळ तीसेक वर्षं सोडला नाही. (आपल्या अँबेसेडरच्या पुढच्या चाकांनाही कित्येक वर्षं टॉर्शन बारच होते.)

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात क्रायस्लरच्या रोड रनर, चार्जर या दमदार गाड्या आल्या. साधा बार ०.८८ इंच जाडीचा, ‘हेमी’ या ताकदवान इंजिनासाठी ०.९२. फरक जेमतेम एक मिलिमीटर. पण ताठरपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे तेवढ्यानेच तो जवळपास वीस टक्क्यांनी चढतो. कारखान्याने मुद्दामच बार मऊ ठेवले होते. तेव्हाच्या बायस-प्लाय टायरना वळणावर पकडच बेताची होती. ड्रॅग रेसवाले तर उलट्या दिशेने गेले: सहा सिलिंडरच्या गाडीचे बारीक बार लावायचे, म्हणजे सुटताना नाक उचलतं आणि भार मागच्या चाकांवर जातो.

रेडियल टायर आले आणि गणित फिरलं. पकड वाढली, तशी जुन्या बारवर गाडी वळणात फारच कलू लागली. मग बाजारात १ इंचाचे, त्याहूनही जाड बार आले. ०.८८च्या जागी १ इंच घातला की ताठरपणा दोन-तृतीयांशाने वाढतो, १.१२ घातला तर अडीचपटींच्याही वर जातो. माझं मत विचाराल तर रस्त्यावर फिरवायच्या रोड रनरला १ इंच पुरे. १.१२ ट्रॅकवर शोभतो, खड्ड्यात दात वाजवतो. आणि बार बदलून शॉक अब्सॉर्बर जुनेच ठेवणं म्हणजे निम्मंच काम. ताठ बारची उसळी मऊ शॉकला आवरत नाही. टॉर्शन बारच काढून कॉइल-ओव्हर (शॉकभोवतीच कॉइल स्प्रिंग) बसवायची अलीकडची हौस मला पटत नाही. त्यातल्या बऱ्याच किटमध्ये गाडीचा भार शॉकच्या वरच्या टेकूवर येतो, आणि तो टेकू त्यासाठी बनवलेलाच नव्हता.

जाडीचे आकडे एका गाडीवरून दुसरीला लावू नका. क्रायस्लरच्याच छोट्या डार्ट, डस्टरचा बार सुमारे ३६ इंच लांब, रोड रनर, चॅलेंजरचा ४१. जाडी तीच असली तरी आखूड बार जास्त ताठ.

बार काढताना चाकं लोंबती ठेवायची, पीळ कमी-जास्त करणाऱ्या अॅडजस्टरचा बोल्ट पूर्ण सैल करायचा, मागची क्लिप काढायची आणि बारला क्लॅम्प लावून त्या क्लॅम्पवर ठोकायचं. पाइप पान्याने बार धरू नका. पान्याच्या दातांचा एक ओरखडाही पुरतो, पुढे चीर तिथूनच जाते. गंजाचे खड्डे पडलेला जुना बार फुकट मिळाला तरी घेऊ नये. डावा-उजवा बारही वेगळा असतो, कारण प्रत्येकाला कारखान्यातच एका दिशेचा पीळ देऊन ठेवलेला असतो. म्हणून पैसे मोजण्याआधी दोन्ही बारच्या टोकांवरची खूण वाचा.