थांब्यांचा हिशेब

खालापूर तालुक्यातल्या कुंभिवलीच्या आसपास दिवाळीला भातकापणीची लगबग असते. पाऊस गेलेला, रस्ते कोरडे, पहाटेला गारवा. मोटारसायकल लांब पल्ल्याला काढायची हौस नेमकी याच दिवसांत उचल खाते. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोली सोडली की बोरघाटात शिंगरोबाचं देऊळ लागतं. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर तो हाच, असं लोक सांगतात आणि त्याच्यापुढे नाणं टाकून वर चढतात. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, 1830 साली, हा घाट गाड्यांसाठी खुला झाला. शेजारच्या द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी असल्यामुळे मोटारसायकलवाल्याला आजही जुनीच वाट धरावी लागते.

या वाटेने एका दिवसात किती लांब जाऊन येता येईल? लांब पल्ल्याच्या हौशी चालकांमध्ये त्यासाठी एक आकडा रूढ आहे: 24 तासांत 1,000 मैल, म्हणजे 1,609 किलोमीटर. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन या राइडला प्रमाणपत्र देते. राइडचं नाव 'सॅडलसोर 1000'. सॅडलसोर म्हणजे खोगीर घासून होणारी जखम. पुढे काय वाढून ठेवलंय ते नावातच आलं. ही शर्यत नव्हे. बरोबर पंच नसतो, त्यामुळे पुरावा आपणच जमवायचा: निघताना आणि पोचल्यावर साक्षीदार, वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपाची तारीख-वेळ छापलेली पावती आणि त्या क्षणाचं ओडोमीटरचं रीडिंग. पावतीवरची शाई उडते, म्हणून लगेच फोटो काढावा. ओडोमीटर थोडं जास्तही दाखवू शकतं, तेव्हा अंतराचा बेत काठावरचा नको.

आता कुंभिवलीहून हिशेब मांडू. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग करत बंगळुरूच्या अलीकडे तुमकूर गाठायचं आणि आल्या वाटेने परतायचं. हे सगळं मिळून सुमारे 1,690 किलोमीटर होतात. चाक फिरत असताना सरासरी ताशी 80 पडली, तर एकवीस तासांहून थोडा जास्त वेळ खोगिरावर जातो. उरले पावणेतीन तास. पेट्रोलचे सहा थांबे दहा-दहा मिनिटांत आटोपले तरी त्यातला एक तास संपला. जेवण, लघवी, झोप हे सगळं उरलेल्या पावणेदोन तासांत बसवायचं. एरवीच्या सहलीत आपण चहाला टेकतो आणि अर्धा तास कसा गेला ते कळत नाही. इथे तसे चार चहा झाले की बेत कोसळला.

खरी मेख पुढेच आहे. 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार चौपदरी महामार्गावर मोटारसायकलची कमाल मर्यादाच ताशी 80 आहे. कमाल 80 असेल तर सरासरी 80 येणार कुठून? खंबाटकी घाट, बाह्यवळणं, रस्त्याची कामं, उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर धरले तर मर्यादा पाळणाऱ्याची सरासरी 70 वर आली तरी पुष्कळ. त्या वेगाने तुमकूरची फेरी न थांबताही 24 तासांत पुरी होत नाही. म्हणजे आपल्या या रस्त्यावर तो आकडा गाठायचा, तर कायदा तरी मोडायचा नाहीतर झोप तरी.

झोप मोडण्याची किंमत मोजली गेली आहे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 1997 साली 'नेचर'मध्ये दाखवलं की सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं काम 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकं घसरतं. 24 तासांनी ते 100 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. आपल्या कायद्यात चालकाला मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. पहाटे तीनला उठलेल्याचे 17 तास रात्री आठला भरतात, आणि परतीचा अंधार तर अजून पुढेच असतो. ताशी 80 च्या वेगाला तीन सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी सुमारे 67 मीटर बिनचालकाची धावते.

म्हणून पहिल्यांदा निघणाऱ्याने हुबळी गाठून परत यावं. जाऊन-येऊन साधारण 1,000 किलोमीटर होतात. सरासरी 60 धरली तर सतरा तास गाडीवर आणि सात तास हाताशी. हुबळीत दुपारी दोन तास पाठ टेकायची, कोल्हापुरात जेवून पुन्हा डोळा लावायचा. या राइडला जगाचं प्रमाणपत्र नसेल, पण कस तितकाच लागतो: मांड्या भरून येतात, मनगटं बधिर होतात, खांदे दगडासारखे होतात.

त्याआधी महिनाभर तीनशे, मग पाचशे किलोमीटरच्या फेऱ्या कराव्यात. टायरमधली हवा गाडी थंड असताना तपासायची, चेनला तेल द्यायचं, ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि जादा क्लच केबल बरोबर घ्यायची. हेल्मेट आयएसआय मार्काचंच हवं. कानात बोळे घातले की वाऱ्याच्या घोंघावण्याने येणारा थकवा पुष्कळ कमी होतो. आतल्या कपड्यांची शिवण बसायच्या जागी येऊ देऊ नये. शंभर किलोमीटरला न टोचणारी शिवण पाचशेला रक्त काढते. पाणी तहान लागण्याआधी घोट-घोट प्यावं. कॉफी घ्यायचीच असेल तर ती पिऊन लगेच वीस मिनिटं झोपावं. जाग येईपर्यंत तिचा अंमल सुरू होतो.

2023 च्या मार्चमध्ये पुण्याच्या रमिला लटपटे नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियाहून मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. इतक्या लांबच्या प्रवासात आज शरीराने नाही म्हटलं तर उद्या निघता येतं. चोवीस तासांच्या राइडमध्ये हा उद्याच वजा झालेला असतो, आणि धोका तिथे आहे. रात्री एकला लोणावळ्यात पापण्या जड झाल्या, घड्याळात अजून तीन तास शिल्लक असले आणि घर घाटाखाली दिसण्याइतकं जवळ वाटलं, तरी गाडी स्टँडवर लावावी. उजाडल्यावर घाट उतरावा. पावत्यांच्या हिशेबात राइड फसलेली असेल. पण हुबळी तिथेच आहे, आणि पुढच्या खेपेला निघताना शिंगरोबापुढे टाकायचं नाणं अजून खिशात आहे.