पाळकाची वही

सुगी आटोपली की अठराव्या शतकातल्या स्वीडिश खेड्यांत एक धास्ती लागे. ठरल्या दिवशी वस्तीतल्या एखाद्या मोठ्या घरी सगळ्यांनी जमायचं: मालक, मालकीण, पोरंबाळं, गडी, मोलकरणी. पाळक जाडजूड वही घेऊन येई आणि एकेकाला पुढं बोलावून वाचायला लावी. मग ल्यूथरच्या लहान प्रश्नोत्तरावलीतले प्रश्न. आधी पाठांतर, नंतर अर्थ. मालकाची उलटतपासणी गड्यादेखत व्हायची, हे विशेष. सगळं पार पडलं की पंगत.

स्वीडनच्या ल्यूथरन चर्चची सुरुवात भक्तीइतकीच पैशाची आहे. कर्जात बुडालेल्या गुस्ताव वासा राजाने १५२७ मध्ये वेस्तेरोसच्या सभेत चर्चच्या मालमत्तेवर हात टाकला. १५४१ मध्ये स्वीडिश बायबल छापलं गेलं, १५९३ मध्ये उप्सालाच्या सभेने ल्यूथरन मत कायम केलं. पण या चर्चचा खरा ठसा मला दिसतो तो त्या वहीत.

१६८६ च्या चर्च कायद्याने पेच पक्का केला. प्रश्नोत्तरावली येत नाही त्याला प्रभुभोजन नाही, आणि प्रभुभोजनाविना लग्न नाही. तरुणांना पुस्तकाकडे वळवायला एवढं पुरे! गावोगाव शाळा काढण्याचा कायदा झाला १८४२ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी बहुतेकांना छापील मजकूर वाचता येत होता. लिहिता मात्र फार थोड्यांना येई. कायद्याने ते मागितलंच नव्हतं. पुढं लोक घरोघरी जमून आपले आपण वाचू लागले, तेव्हा चर्च बिथरलं. १७२६ मध्ये पाळकाविना भरणाऱ्या प्रार्थनासभांवर बंदी आली. ती उठायला १८५८ उजाडलं.

वहीत घरागणिक नोंदी. नाव, जन्मतारीख, जन्मगाव. वाचनाचा रकाना वेगळा, पाठांतराचा वेगळा. शेरा बहुधा बारीक रेघांच्या खुणांनी, आणि खुणा पाळकागणिक निराळ्या. एकोणिसाव्या शतकात देवीच्या लसीचीही नोंद आली. ती टोचायचं काम अनेक गावांत चर्चचा घंटा वाजवणारा सेवकच करी. गाव सोडायचं तर पाळकाचा दाखला हवा. अमेरिकेला गेलेल्याचं नाव खोडून शेजारी तसं लिहीत. आपल्या कुलकर्ण्याच्या दप्तरात जमीन आणि सारा असे. इथं माणूसच दप्तरी दाखल. १७४९ पासून देशाची लोकसंख्येची कोष्टकंही पाळकांनीच भरली.

परीक्षेची सक्ती १८८८ मध्ये गेली, जन्ममृत्यूची दप्तरं थेट १९९१ मध्ये करखात्याकडे गेली. २००० साली चर्च राज्यापासून वेगळं झालं. तेव्हा ऐंशी टक्क्यांहून अधिक लोक सभासद होते, आता जेमतेम निम्मे. रविवारी बाकांवर दिसतात ते तर मूठभर. वर्गणी मात्र अजून करखातंच गोळा करतं. आणि स्टॉकहोम व त्रानोस सोडले तर दफनभूमींचा कारभार आजही चर्चकडेच आहे. त्याचं शुल्क सभासद नसलेल्यांनाही भरावं लागतं, आणि ख्रिस्ती नसलेल्यांसाठी वेगळी जागा राखणं चर्चला बंधनकारक आहे.