डेन्मार्कच्या सरोवरतीरावरील दोन साक्षी

डेन्मार्क हा सखल भूमीचा देश. पर्वत असा तेथे नाहीच. तरीही युटलंड द्वीपकल्पाच्या मध्यभागी, सिल्केबोर्ग नगराच्या आसमंतात, टेकड्या, अरण्ये आणि सरोवरे यांचा एक रमणीय प्रदेश पसरलेला आहे. गुडेनो नदी यांतील कित्येक सरोवरे एका सूत्रात ओवीत जाते. 'हिमेलबियर्ग', म्हणजे 'स्वर्गपर्वत', ही येथील प्रसिद्ध टेकडी. तिची उंची मात्र अवघी १४७ मीटर! १८४९ साली प्रजेला राज्यघटना देणाऱ्या सातव्या फ्रेडरिक राजाच्या स्मरणार्थ १८७५ साली तिच्या माथ्यावर विटांचा मनोरा बांधण्यात आला. १८६१ सालची 'येलेन' ही चाकांची आगबोट उन्हाळ्यात प्रवाशांना सिल्केबोर्गहून आजही येथवर आणते.

परंतु या प्रदेशाचे खरे वैभव आहे ते येथे जपलेल्या मानवी अवशेषांत. सिल्केबोर्गच्या संग्रहालयात एका पुरुषाचा मृतदेह आहे. डोळे मिटलेले, ओठ अलगद जुळलेले, हनुवटीवर दाढीचे खुंट. जणू नुकताच झोपी गेला असावा. ८ मे १९५० रोजी जळणासाठी दलदलीतील 'पीट' ही माती खणणाऱ्यांना तो सापडला. कोणाचा तरी नुकताच खून झाला असावा असे वाटून त्यांनी पोलिसांना कळविले. प्रत्यक्षात त्या मृत्यूला सुमारे चोवीसशे वर्षे लोटली होती! दलदलीतील शेवाळामुळे पाणी आम्ल बनते, तेथे प्राणवायू पोचत नाही आणि थंडीही असते. त्यामुळे देह कुजत नाही. कातडे कमावल्यासारखे टिकते, हाडे मात्र मऊ पडतात. त्या काळी केवळ मस्तक नीट जतन करता आले. आज दिसणारे धड हे पुढे केलेली प्रतिकृती आहे.

या 'टोलुंड-पुरुषा'च्या गळ्यात वेणीसारखा गुंफलेला चामड्याचा फास होता. त्याला फाशी देण्यात आली होती. हा देवतेला दिलेला बळी असावा, असे बहुतेक संशोधक मानतात. मरणापूर्वी त्याने जवाची लापशी आणि मासे खाल्ले होते. फाशीनंतर कोणीतरी त्याचे डोळे व तोंड मिटवून त्याला निजल्यासारखे कुशीवर ठेवले. मारणाऱ्या समाजातच हा हळुवार हातही होता, हे पाहून प्रेक्षक अंतर्मुख होतो.

तेथून थोड्याच अंतरावर, मोसो सरोवराजवळ, ऑम येथील मठाचे अवशेष आहेत. सिस्टर्शियन पंथाच्या संन्याशांनी अनेक जागा पालटून ११७२ साली येथे वस्ती केली आणि तिला लॅटिन भाषेत 'प्रिय बेट' असे नाव दिले. त्यांनी दोन सरोवरांमध्ये कालवे खोदले, आपल्या मठाचा इतिहास लिहिला आणि रुग्णांची शुश्रूषा केली. सोळाव्या शतकातील धर्मक्रांतीनंतर मठ पाडण्यात आला. त्याचे दगड राजवाड्याच्या कामी लागले. आज उरला आहे तो केवळ पाया. उत्खननात सापडलेल्या सांगाड्यांवर आजारांच्या व जखमांच्या खुणा स्पष्ट दिसतात. शेजारी औषधी वनस्पतींची बागही जोपासलेली आहे.

मृतांना असे काचेआड मांडावे काय, हा प्रश्न कोणाही सुजाण प्रेक्षकाच्या मनात उठतो. त्याचे उत्तर पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. केवळ कुतूहलाने पाहिले, तर तो तमाशा ठरेल. परंतु यांनाही भूक होती, वेदना होती आणि मरणाचे भय होते, हे ध्यानी ठेवून जो क्षणभर स्तब्ध उभा राहील, त्याच्या दृष्टीने ही संग्रहालये म्हणजे मानवतेच्या पाठशाळाच होत.