प्रोक्षण, अभिमंत्रण, प्राणप्रतिष्ठा

गणेशचतुर्थीच्या पूजेत ‘पवित्र करणे’ ही एकच क्रिया नसते. कलशातलं पाणी फुलाने किंवा दूर्वेने पूजासाहित्यावर आणि स्वतःवर शिंपडतात, ते प्रोक्षण. याने वस्तू शुद्ध होते, पूजेला योग्य होते; पण ताम्हन ताम्हनच राहतं. अभिमंत्रण त्याच्या पुढचं. मंत्र म्हणून भस्मात किंवा दोऱ्यात सामर्थ्य आणायचं. असा दोरा मनगटावर बांधतात, त्याची पूजा मात्र सहसा होत नाही.

प्राणप्रतिष्ठेत वस्तूचं नातंच बदलतं. गुरुजी यजमानाला मूर्तीच्या हृदयाला हात लावायला सांगतात, मंत्र म्हणतात, मग दूर्वेने मूर्तीच्या डोळ्यांना तूप लावतात. त्या क्षणापर्यंत ती शाडूची सुंदर मूर्ती असते. नंतर तिला आसन, स्नान, नैवेद्य, सगळं पाहुण्याच्या मानाने. म्हणून सरसकट ‘स्थापना’ म्हणणं मला अपुरं वाटतं. स्थापना म्हणजे जागेवर बसवणं, तीही महत्त्वाची, पण प्राण येतात ते प्रतिष्ठेने. शाळिग्राम आणि नर्मदेतले बाण (बाणलिंगं) यांना परंपरेने प्राणप्रतिष्ठा लागत नाही, कारण त्यांच्यात देवत्व मुळातच आहे अशी श्रद्धा आहे.

सोवळं याहून वेगळं. ते मुख्यतः स्पर्शाच्या नियमांनी सांभाळायचं, आणि मोडायला एक धक्का पुरतो. प्रतिष्ठा अशी सहज मोडत नाही. ती संपवायला पार्थिव, म्हणजे मातीच्या, मूर्तीची उत्तरपूजा करावी लागते, अक्षता वाहून मूर्ती किंचित हलवावी लागते, विसर्जन त्यानंतर.