खरेदीच्या खेपेला जोडून दोन दिवस : पाँडिचेरीचा फ्रेंच दस्तरखान

कोल्हापूरच्या कापड व्यापाऱ्याला तामिळनाडू नवा नाही. ईरोडच्या चादरी आणि टॉवेल, तिरुपूरची होजिअरी यासाठी वर्षातून एक-दोन खेपा ठरलेल्याच. पण आपली खेप असते कशी? रात्रभर प्रवास, सकाळी गोडाऊन, दुपारी मिळेल ते पोटात ढकलायचे आणि संध्याकाळी बिल्टी खिशात घालून परतीची गाडी. इतकी वर्षे आम्ही त्या मुलखात फिरलो, पण मुलूख काही पाहिला नाही. गेल्या दोन खेपांना मात्र आम्ही दोन-दोन दिवस जास्त काढले आणि पाँडिचेरीला जाऊन फ्रेंच पद्धतीचे जेवण जेवून आलो. फ्रेंच जेवणासाठी पॅरिसचे तिकीट काढावे लागत नाही. आपल्या मिरज स्टेशनावरून काम होते. ही हकिकत व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहोत.

कापडाने वसवलेले गाव

पाँडिचेरीचे, म्हणजे २००६ पासूनच्या पुदुच्चेरीचे, आपल्या बाजूशी जुने नाते आहे. विजापूरच्या आदिलशाहीचा त्या भागातला सरदार शेरखान लोदी याने फ्रेंचांना तेथे जागा दिली आणि १६७४ मध्ये फ्रांस्वा मार्टिन याने वखारीचा जम बसवला. १६७७ च्या दक्षिण मोहिमेत शिवाजी महाराजांनी शेरखानाचा पराभव केला, पण फ्रेंचांना तेथे राहू दिले. पुढे १७३९ मध्ये तंजावरच्या भोसल्यांच्या मुलखातले कारैकल फ्रेंचांकडे गेले. १९५४ साली फ्रेंचांनी कारभार भारताच्या हाती दिला आणि १९६२ साली कागदोपत्री हस्तांतर पुरे झाले.

फ्रेंच आले ते कापडासाठी. पाँडिचेरीचे निळीत रंगवलेले सुती कापड 'गिनी' नावाने आफ्रिकेत सेनेगलला जाई आणि त्याच्या बदल्यात तिथला डिंक घेतला जाई. तिकडे या कापडाचा भाव जवळजवळ नाण्यासारखा चाले. कारैकल-पाँडिचेरीकडचे तमीळ मुसलमान व्यापारी कापड घेऊन व्हिएतनामच्या सायगावपर्यंत पोचले होते. म्हणूनच पाँडिचेरीच्या जुन्या घरांत आजही फ्रेंच आणि तमीळ पदार्थांबरोबर व्हिएतनामी पद्धतीचे तळलेले रोल बनतात. कापड जिथे गेले तिथली चव परत आली.

जायचे कसे, कधी

दादरहून पुदुच्चेरीला जाणारी चालुक्य एक्स्प्रेस सातारा, सांगली, मिरज, बेळगाव या मार्गाने जाते. ती रोज नसते, म्हणून आधी वार पाहून रिझर्व्हेशन करावे. ईरोड-तिरुपूरचे काम आटोपून जायचे असेल तर सेलम, विळुप्पुरम मार्गे बसने जाता येते. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पावसाचे आणि वादळांचे दिवस असतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. १४ जुलैला फ्रान्सचा राष्ट्रीय दिन तिथे संचलनाने साजरा होतो. तो पाहायचा असेल तर उकाड्याची तयारी ठेवावी.

गावाचे दोन भाग आहेत. मध्ये कालवा, समुद्राच्या बाजूला फ्रेंच वस्ती, अलीकडे तमीळ वस्ती. तमीळ वस्तीच्या दक्षिण भागात काझी स्ट्रीट, मुल्ला स्ट्रीट असा आपला मोहल्ला आहे. मुक्काम त्या बाजूला केला तर नमाजाची सोय होते आणि फ्रेंच भाग चालत जाण्याच्या अंतरावर राहतो.

दोन दिवसांचा आराखडा

पहिल्या दिवशी पहाटे समुद्रकाठच्या रस्त्यावर फिरावे. तिथेच 'ले कॅफे' आहे. चहा-कॉफी घेऊन सूर्योदय पाहावा. नाश्त्याला बुसी स्ट्रीटवरची 'बेकर स्ट्रीट' बेकरी. लोण्याच्या पापुद्र्यांचा क्रोसाँ आणि लांब दांड्यासारखा बागेत पाव तिथे मिळतो. आपल्या खारी-पाववाल्या बांधवांनी क्रोसाँ मधून कापून त्याचे पदर जरूर पाहावेत. खारीशी त्याचे नाते लगेच ध्यानात येईल.

मोठे जेवण दुपारी घ्यावे, रात्री नव्हे. दुपारी गर्दी कमी असते आणि स्वयंपाकी दोन शब्द बोलायला मोकळा असतो. सुफ्रें स्ट्रीटवरच्या 'विला शांती'सारख्या जुन्या वाड्यात जेवायचे तर आधी फोन करावा. दुपारनंतर बरीच स्वयंपाकघरे संध्याकाळपर्यंत बंद असतात. चार वाजता भूक घेऊन जाऊ नये.

फ्रेंच जेवण आपल्यासारखे एका ताटात येत नाही. आधी 'आंत्रे' म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, मग मुख्य पदार्थ, मग गोड. एक संपल्याशिवाय दुसरे येत नाही. घाई असणाऱ्याने तिकडे जाऊच नये. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो देणे आपल्या मर्जीवर आहे, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ सालीच स्पष्ट केले आहे.

दुसरा दिवस गूबेर मार्केटसाठी ठेवावा. मासळी, भाजी, मसाले सगळे एका छताखाली. तिथे 'वडगम'चे गोळे मागा. छोटे कांदे, लसूण, मोहरी, उडीद डाळ, मेथी, कढीपत्ता वाटून, एरंडेल लावून उन्हात वाळवलेले हे गोळे. यालाच फ्रेंच लोक 'वादुवाँ' म्हणतात आणि पॅरिसचे नामवंत स्वयंपाकी तो मसाला वापरतात. आमच्या घरोघरी बायका वर्षाचा कांदा-लसूण मसाला करतात, त्याचाच हा लांबचा भाऊ. फरक एवढाच की त्याला कोणीतरी नाव देऊन परदेशी नेले.

हलालचा प्रश्न

आता मुख्य गोष्ट. पहिल्या खेपेला आमची फजिती झाली. एका हॉटेलात (नाव घेत नाही) कांद्याचे सूप मागवले. कांदा, वर पाव आणि चीज, यात हरकत कसली? निम्मे सूप संपल्यावर शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी सांगितले की या सुपात वाईन घालतात आणि त्याचे पाणी हाडे उकळून काढलेले असते. वेटरला विचारले तर तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्ही विचारलं कुठे?"

आम्ही चमचा ठेवला, पैसे दिले आणि बाहेर पडलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. गिऱ्हाईकाने विचारले नाही म्हणून आर्ट सिल्क रेशमाच्या गठ्ठ्यात ठेवून विकणारे आपल्यात नाहीत काय? खोटे बोललो नाही, एवढीच आपली सफाई. त्या दिवशी आम्ही गिऱ्हाईकाच्या जागी बसलो होतो.

दुसऱ्या खेपेला आधी फोन करून तीन प्रश्न विचारले. मांस हलाल आहे काय? रश्श्यात, सॉसमध्ये किंवा केकमध्ये वाईन, रम आहे काय? चरबी आणि जिलेटिन कशाचे? एका छोट्या खानावळीचा स्वयंपाकी स्वतः बोलायला आला. म्हणाला, कोंबडीचा 'कोक ओ वें' वाईनमध्येच शिजतो, 'किश'मध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, थंड पुडिंगात जिलेटिन आहे. हे तिन्ही घेऊ नका. मासा घ्या, साधा भाजून लोणी-लिंबू घालून देतो. सोबत 'रातातुई', म्हणजे वांगी, टोमॅटो, ढबू मिरचीची भाजी. शेवटी लिंबू-साखरेचा 'क्रेप', आपल्या धिरड्यासारखा. आम्ही पोटभर जेवलो आणि बिनघोर जेवलो. तीन पदार्थ विकायचे त्याने सोडले आणि कायमचे गिऱ्हाईक मिळवले.

गिरणी बंद, चूल चालू

परतताना मुदलियारपेटला अँग्लो-फ्रेंच टेक्स्टाईल्सच्या फाटकाशी उभे राहिलो. १८९८ सालची गिरणी. सरकारने चालवायला घेतली, तरी २०२० मध्ये कायमची बंद झाली. आमच्या डोळ्यांपुढे शाहू मिल आली. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली आणि २००३ मध्ये थांबलेली. दोन्ही गावे कापडावर जगली, दोन्हींचे भोंगे थांबले. पाँडिचेरीने मात्र जुने वाडे, बेकऱ्या आणि मसाले यांतून नवी रोजी शोधली. चामड्याच्या वस्तू करणारी 'हायडिझाईन' कंपनीही १९७८ साली तिथल्याच एका छोट्या वर्कशॉपातून निघाली.

अंबाबाईच्या दर्शनाला आणि पन्हाळ्याला येणारा पाहुणा आपल्याकडेही तांबडा-पांढरा शोधत येतो. आपले खानसामे, मसालेवाले, चप्पल कारागीर त्याला काय देतात आणि काय सांगून देतात, यावर तो पुन्हा येणार की नाही हे ठरते. परत आल्यावर आम्ही दुकानात एक काम केले. प्रत्येक गठ्ठ्यावर सूत किती, पॉलिस्टर किती याची चिठ्ठी लावली. पहिल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइके चिठ्ठी वाचून निघून गेली. त्यातले एक पुढच्या महिन्यात मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडेच आले.